बहिणीचा निकाह, भावाचा होकार

प्रश्न :

आम्ही डिचोलीचे. पणजोबा सावंतवाडीकडून इथे आले, तेव्हापासून इथलेच. वडील आधी खाणीवर ट्रक चालवायचे, मग स्वतःचा टिपर घेतला. खाणी बंद पडल्यावर तो विकावा लागला. चार वर्षांपूर्वी वडील वारले. घरात आई, मी, माझी बायको आणि धाकटी बहीण. बहीण २८ वर्षांची आहे, फार्मसी शिकलेली, म्हापशाला औषधांच्या दुकानात नोकरीला. तिने स्वतः मुलगा पसंत केलाय. मुलगा वाळपईचा, एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. त्याचे वडील हुबळीहून इथे आले. ते लोक हनफी, आम्ही शाफई, म्हणजे सुन्नींतले दोन वेगळे मजहब (धर्मशास्त्राचे पंथ).

मोठे चाचा म्हणतात, "घाट्यांच्या घरात आपली मुलगी द्यायची नाही. तू वली आहेस, तिचा निकाह लावून देणारा. तू नाही म्हटलंस की निकाह होतच नाही." परवा वर हेही म्हणाले की द्यायचीच असेल तर आधी घरातला हिस्सा सोडल्याची तिची सही घे. बहीण म्हणते, "त्यांचे काझी तुझ्याशिवाय निकाह लावायला तयार आहेत, मी विचारलंय. पण मला तू हवास."

माझ्या होकाराशिवाय निकाह होतो का? मला नाही म्हणायचा हक्क आहे का? आणि लग्न रजिस्टर करताना भावाची सही लागते का?

– एक भाऊ, डिचोली

उत्तर :

सलाम भाई,

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण पत्र वाचताना मी थांबले ती बहिणीच्या शब्दांपाशी. "मला तू हवास." तुमच्याशिवाय पुढे जाता येतं हे तिने आधीच विचारून ठेवलंय आणि तरी ती तुमच्या दारात उभी आहे. घराच्या तोंडाला काळं फासून जाणारी मुलगी ही नव्हे. पुढचं सगळं वाचताना एवढं मनात असू द्या.

सोपा प्रश्न आधी. रजिस्टरला तुमची परवानगी लागत नाही. गोव्यात १९१० च्या पोर्तुगीज कायद्यापासून लग्न हा दोघांमधला करार मानला जातो, मग ते दोघं कुठल्याही धर्माचे असोत. मुलगी १८ च्या वर, मुलगा २१ च्या वर, दोघं राजी, की झालं. तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे दोघांनी जायचं, कागद द्यायचे आणि पहिली सही करायची. मग नोटीस लागते, मुदत संपली की साक्षीदार घेऊन दुसरी सही. लग्न पुरं होतं ते दुसऱ्या सहीने. हे मुद्दाम सांगते, कारण पहिली सही करून, थाटात निकाह लावून, जेवणावळी उठवून दुसऱ्या सहीला न गेलेली जोडपी आपल्या समाजात आहेत, इतर समाजांतही आहेत. मग पुढे काही बिनसलं की बाईच्या हातात कागद नसतो. बहिणीचं काहीही ठरो, दुसरी सही निकाहच्या आधी किंवा निकाहच्या दिवशीच होईल हे तुम्ही बघा. तुमची परवानगी नाही, पण तुमची नजर तिथे हवी.

आता निकाहचं. चाचांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून ते उडवून लावू नका. शाफई मजहबात वलीशिवाय मुलीचा निकाह लागत नाही. मालिकी आणि हंबली हे मजहबही तेच मानतात. "वलीशिवाय निकाह नाही" ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, अबू दाऊद आणि तिर्मिजी दोघांच्या संग्रहांत आहे, आणि आपल्या कोकणपट्टीतल्या शाफई घरांत ती लहानपणापासून कानावर पडते. हनफींचं वेगळं. इमाम अबू हनीफांच्या मते सज्ञान, शहाणी स्त्री स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. वली असला तर उत्तम, नसला तर निकाह मोडत नाही. जोडीदार तिच्या तोलामोलाचा नसेल तर मात्र वली हरकत घेऊ शकतो. म्हणून वाळपईचे काझी तयार झाले. ते काही पळवाट शोधत नाहीयेत, त्यांच्या मजहबाप्रमाणेच बोलतायत. बाराशे वर्षांहून जुना मतभेद आहे हा, दोन्ही बाजूंना थोर माणसं आहेत. तो तुमच्या ओसरीवर बसून मिटणार नाही आणि मिटवायची गरजही नाही. बहीण तुम्हाला बोलावतेय. तुम्ही गेलात की तो निकाह दोन्ही मजहबांत निर्धोक होतो.

पण चाचांनी उरलेलं अर्धं सांगितलं नाही.

एक तर वली तुम्ही आहात, चाचा नव्हेत. शाफई क्रम ठरलेला आहे: बाप, मग बापाचा बाप, मग सख्खा भाऊ, सावत्र भाऊ, भावाचे मुलगे आणि त्यानंतर चुलते. सख्खा भाऊ हयात असताना चुलत्याकडे हा अधिकार येत नाही. सल्ला देणं त्यांचा मान आहे, तो ऐका. निर्णय त्यांच्या तोंडून घेऊ नका.

दुसरं, जुन्या शाफई ग्रंथांत अविवाहित मुलीवर वलीने जोर चालवायची जी मुभा सांगितली आहे, ती फक्त बापाला आणि आजोबाला. भावाला ती कधीच नव्हती. आणि बापाच्या बाबतीतही रसूलुल्लाहंसमोर, म्हणजे पैगंबरांसमोर (स.) काय झालं ते बघा. खनसा बिन्त खिदाम यांचं लग्न त्यांच्या वडिलांनी मर्जीविरुद्ध लावलं, त्या तक्रार घेऊन आल्या, आणि ते लग्न रद्द ठरलं. बुखारींच्या हदीससंग्रहात आहे हे. त्यांचं आधी एक लग्न झालेलं होतं, म्हणून कोणी म्हणेल कुमारिकेचं वेगळं. तर बापाने मर्जीविरुद्ध निकाह लावून दिलेली एक कुमारिकाही अशीच आली होती आणि तिला निवड करू दिली गेली, हे अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे.

तिसरी गोष्ट तुमचीच आहे, म्हणजे एका भावाचीच. मअकिल बिन यसार हे सहाबी, पैगंबरांचे सोबती. त्यांनी बहिणीचं लग्न लावून दिलं होतं. नवऱ्याने तिला तलाक दिला, इद्दत (तलाकनंतर बाईने थांबायची मुदत) उलटू दिली आणि मग परत मागणी घालायला आला. मअकिल भडकले. मी तुला मान दिला, बहीण दिली, तू तिला टाकलीस आणि आता परत मागतोस? अल्लाहची शपथ, ती तुझ्याकडे कधी येणार नाही. आपल्यातला कुठलाही भाऊ हेच म्हणाला असता. पण माणूस वाईट नव्हता आणि बहिणीला परत जायचं होतं. तेव्हा सूरह बकराची २३२ वी आयत उतरली: दोघं रीतीने आपसांत राजी असतील तर त्यांना निकाहपासून अडवू नका. मअकिलनी शपथ बाजूला ठेवली आणि स्वतः बहिणीचा निकाह त्याच्याशी लावून दिला.

इमाम शाफईंनी वलीची गरज सिद्ध करताना याच आयतीवर सगळ्यात जास्त भर दिला आहे. भावाच्या हातात काही नसतंच, तर अडवू नको असं त्याला सांगायचं कारण काय, हा त्यांचा युक्तिवाद. बरोबर आहे. म्हणजे ज्या आयतीने तुम्हाला वलीची जागा दिली, तिनेच तुमचे हात बांधले. चाचा पहिला भाग घेतात आणि दुसरा सोडतात. तुम्हाला तसं करता येणार नाही.

वली कारण नसताना अडून बसला तर शाफई फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, त्याला गुन्हा मानलं आहे आणि मग काझी वलीच्या जागी उभा राहून निकाह लावतो. इंडोनेशिया हा जगातला सगळ्यात मोठा शाफई देश. तिथे आजही मुलगी धार्मिक न्यायालयात अर्ज करते की माझा वली विनाकारण अडवतोय. न्यायालय चौकशी करतं आणि तिचं म्हणणं पटलं तर सरकारी अधिकारी वली होतो. मलेशियातही अशीच सोय आहे. मोरोक्कोने २००४ साली सज्ञान स्त्रीला स्वतःचा निकाह स्वतः करायची मोकळीक दिली, वाटलं तर वडिलांना किंवा नातेवाइकाला पुढे करावं. आणि मोरोक्को तर मालिकी, म्हणजे वली लागतोच असं मानणारा. वलीची जागा कशी चालवायची याचा विचार मुसलमान समाज आजही करतायत. तुम्ही एकटे काही वेगळं करत नाही आहात.

आपल्या देशाचा कायदा तर स्पष्टच आहे. केरळच्या हादियाच्या खटल्यात २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सज्ञान व्यक्तीने जोडीदार निवडणं हा तिच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ते लग्नही एका मुसलमान पुरुषाशी झालेलं होतं आणि विरोधात वडील उभे होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात जातपंचायतीसारख्या जमावांनी सज्ञान जोडप्याच्या लग्नात ढवळाढवळ करणं बेकायदा ठरलं. तुम्ही नाही म्हटलंत तर लग्न थांबणार नाही. फक्त तुमच्या बहिणीच्या लग्नात तुम्ही नसाल.

मग नाही म्हणायचा हक्क आहे का? आहे. कारण असेल तर. आणि कारण असं हवं की ते तुम्ही काझींसमोर, आईसमोर आणि बहिणीच्या डोळ्यांत बघून बोलू शकाल. मुलगा दारू पितो, हात उचलतो, कर्ज लपवतो, आधीची बायको आहे आणि सांगितलेली नाही. अशा कारणांना कोणी नाही म्हणणार नाही. "घाटी आहेत" हे कारण नव्हे.

या शब्दाबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचा नाही. गोव्यात मुसलमान आठ टक्क्यांच्या आसपास. त्यात हुबळी-धारवाड, बेळगाव, विजापूरकडून आलेली घरं खूप. याच लोकांनी इथे रस्ते केले, बांधकामं केली, बाजार चालवले. आपण मशिदीत एका सफेत, एका रांगेत उभे राहतो, आणि मुलीचा विषय निघाला की ते घाटी होतात. तुमचे पणजोबाही सावंतवाडीहूनच आले ना? चाचा कुफू काढतील, तोलामोलाचा मुद्दा. तो फिकहमध्ये आहे, मी नाकारत नाही. पण तो मुलीच्या भल्यासाठी ठेवलेला आहे, आणि ती व तिचा वली दोघांनी मिळून सोडला तर सोडता येतो. फातिमा बिन्त कैस कुरैश घराण्यातल्या. त्यांना अबू जहम आणि मुआविया अशा दोन मोठ्या घरांतून मागणी आली. त्यांनी रसूलुल्लाहंना (स.) विचारलं. उत्तर आलं: अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही, मुआवियाकडे पैसा नाही, तू उसामाशी लग्न कर. उसामा हे मुक्त केलेल्या गुलामाचे चिरंजीव. फातिमांना आधी रुचलं नाही, मग केलं, आणि पुढे त्या सांगत की त्यात भलं झालं.

ही हदीस मी मुलींच्या भावांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण चौकशी कशी करायची ते तिच्यात आहे. कोण मारतो, कोणाची ऐपत नाही, हे मुलीला नाव घेऊन, आडपडदा न ठेवता सांगितलं गेलं. घराण्याच्या मोठेपणाला भुलायचं नाही आणि आतल्या गोष्टी झाकायच्या नाहीत. वलीचं खरं काम हे.

तेव्हा वाळपईला जा. साखळी, होंडा, वाळपई, लांबचा रस्ता नाही. चाचांना किंवा मध्यस्थाला पाठवू नका, स्वतः जा, आणि एकदाच जाऊन चहा पिऊन परतू नका. मुलगा ज्यांची एसी दुरुस्त करतो त्यांपैकी दोघांना भेटा, वेळेवर येतो का, पैशाला सरळ आहे का विचारा. त्याच्या घरी त्याची आई त्याच्याशी आणि तो आईशी कसा बोलतो ते कान देऊन ऐका. घरात वहिनी असेल तर ती कशी वागवली जाते ते बघा, चार गोष्टी तिच्या चेहऱ्यावरच कळतील. कर्ज आहे का हे त्याला सरळ विचारा. गाडीचं कर्ज असणं वाईट नाही, लपवणं वाईट. आणि वडील हुबळीचे, तर हुबळीच्या जमातीतूनही विचारपूस करा. गोव्यात नोंदलेलं लग्न असताना मुसलमान पुरुषालाही दुसरं करता येत नाही, २०१९ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हे नमूद केलंय. पण दुसऱ्या राज्यात नुसता निकाह करून सोडलेली बायको इथल्या दप्तरात सापडणार नाही. ती माणसांकडूनच कळते.

चौकशीत काही वावगं निघालं तर ते आधी बहिणीला सांगा, एकटीला. गावभर करून मग तिच्यापर्यंत येऊ देऊ नका. काही निघालं नाही तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगा आणि हो म्हणा.

आता हिश्श्याचं.

हो म्हणायच्या बदल्यात बहिणीकडून हिस्सा सोडल्याची सही घेणं हा सौदा झाला. अल्लाहने तुम्हाला जी जागा दिली ती विकायला काढल्यासारखं होईल. कुरआनात सूरह निसाच्या सातव्या आयतीत आहे की आईबाप आणि नातेवाईक मागे ठेवतील त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही, थोडं असो वा जास्त, ठरलेला वाटा. शरीअतच्या हिशेबाने तिला तुमच्या निम्मं मिळतं. गोव्याच्या कायद्याने तुमच्या बरोबरीने. १९३७ चा शरीअत कायदा गोव्याला लागू झालेला नाही, इथे वारसा सगळ्यांना एकच. आईवडिलांचं लग्न इथे नोंदलेलं असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर घराचा अर्धा भाग मुळात आईचाच, आणि वडिलांचा अर्धा तुम्हा दोघा भावंडांत सारखा. कुठलाही हिशेब धरा, तिचा वाटा आहे. तिला तो उद्या स्वतःहून तुम्हाला द्यावासा वाटला तर निकाहनंतर, सावकाश, वकील बघून, नोटरीसमोर देईल. आज, तुमच्या होकारासाठी अडून असताना दिलेली सही ही मर्जीची सही नव्हे. ती घेतलीत तर आयुष्यभर ईदला ती तुमच्या घरी येईल तेव्हा तुमची मान खाली असेल.

चाचांच्या मनात एक भीती असणार, ती मात्र मी समजू शकते. गोव्यात लग्नानंतर दोघांचं सगळं समाईक होतं, लग्नाआधीचंही आणि वारशाने आलेलंही, जोवर लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल. म्हणून तर इथे घर विकायला नवराबायको दोघांच्या सह्या मागतात. तुमच्या वाट्यात तुमच्या बायकोचा अर्धा आहे, तसा बहिणीच्या वाट्यात तिच्या नवऱ्याचा येईल. "घर हुबळीवाल्यांकडे जाईल" ही चाचांची काळजी इथून आली असावी. तिच्यावर उपाय आहे. निबंधकाकडे नोटरीचं काम बघणारे अधिकारी असतात, त्यांच्यापुढे लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवता येते. लग्न झाल्यावर तो करता येत नाही. करायचा की नाही हे बहिणीने आणि त्या मुलाने ठरवायचं. तुम्ही त्यांना हा पर्याय आहे एवढं कळवायचं आणि चांगला वकील गाठून द्यायचा. त्यात मुलाचे वडील बाहेरून आलेले, आणि हा कायदा गोव्याचा अधिवास असलेल्यांना लागतो, तेव्हा या जोडप्याला नेमकं काय लागू पडेल ते वकिलाने कागद पाहूनच सांगितलेलं बरं. पहिल्या सहीच्या आधीच हे उरका.

निकाहनाम्यातही तुमचं काम आहे. आपल्याकडे मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, ठरवताना आकडा सांगणारा लाजतो आणि ऐकणारा त्याहून लाजतो. शेवटी कोणीतरी "जो चालतो तो लिहा" म्हणतो. तसं होऊ देऊ नका. किती, त्यातला रोख किती, उधार किती आणि उधार कधी द्यायचा, हे बहिणीला विचारून बैठकीत बोला आणि लिहून घ्या. रोख भाग त्याच दिवशी तिच्या खात्यात. लग्नानंतर ती नोकरी करणार, म्हापशाला जात राहणार, हे आज तोंडी सगळ्यांना मान्य असतं, म्हणूनच ते आज लिहायचं. तलाक-ए-तफवीजची अटही घाला, म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत तलाकचा अधिकार तिच्याकडे राहील. इथे कायद्याचा घटस्फोट कोर्टातूनच होतो. पण कोर्टाचा कागद हातात आला तरी नवरा धार्मिक तलाक देत नाही म्हणून अडकून पडलेल्या बायका आहेत, पुढचा निकाह लावायला काझी कचरतात. ती अट असेल तर ही वेळ येत नाही. मुलीने स्वतः हे मागितलं की लोक नावं ठेवतात, भावाने मागितलं की काळजी म्हणतात. लोकांची ही खोड मला आवडत नाही, पण या घडीला ती तुमच्या बहिणीच्या उपयोगी पडू द्या.

एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितलेली सांगते, कारण ती तुमच्या हातात आहे. निकाहच्या दिवशी वकील (कोर्टातला नव्हे, नवरीची इजाजत घेणारा) आणि दोन साक्षीदार रजिस्टर घेऊन बायकांच्या खोलीत जातात. खोलीत गर्दी, उकाडा, अत्तराचा वास, कोणाचं तरी मूल रडतंय. नवरीचा दुपट्टा नाकाखाली ओढलेला. वकील नाव, बापाचं नाव, मेहर वाचतात आणि विचारतात, इजाजत आहे का. नवरी काही बोलायच्या आत मागून एखादी खाला (मावशी) तिच्या खांद्याला ढोसते आणि स्वतःच म्हणते, "हो, हो, म्हणाली." पेन हातात दिलं जातं. बाहेर खजूर वाटायला सुरुवात झालेली असते. कुमारिकेचं गप्प राहणं हा होकार धरावा, अशी हदीस आहे. लाजणाऱ्या मुलीला सवलत म्हणून आहे ती, खालाने तिच्या वतीने बोलावं म्हणून नाही. तुमच्या बहिणीच्या वेळी खोलीत मोजकी माणसं ठेवा, वकिलांना सांगा की तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय उठू नका. आणि त्याच्या बरेच दिवस आधी, घरात कोणी नसताना, तुम्ही स्वतः विचारा. "अजूनही हाच मुलगा ना? मनात काही आलं असेल तर आज सांग, निस्तरायचं मी बघतो." मुलाला तिने निवडलंय म्हणून हा प्रश्न विचारायची गरज नाही असं समजू नका. स्वतः निवडलेल्याला नको म्हणणं मुलींना जास्त जड जातं, कारण मग सगळं घर "तूच तर आणलास" म्हणायला बसलेलं असतं.

आईचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाहीत. फिकहमध्ये आई वली नसते, म्हणून तिला विचारायचं नाही असा अर्थ कोणी काढलेला नाही. मुलींच्या बाबतीत त्यांच्या आयांचा सल्ला घ्या, असंही हदीसमध्ये आलेलं आहे. वाळपईला दुसऱ्यांदा जाल तेव्हा आईला घेऊन जा.

राहिले चाचा. त्यांना तोडू नका. वडिलांच्या जागी तुमच्या घरात तेच एक उरले आहेत आणि त्यांचा राग बराचसा विचारलं नाही याचाच असतो. निकाहला दोन साक्षीदार लागतात आणि शाफई मजहबात निकाह लावून देणारा वली स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही, ती माणसं वेगळी हवीत. त्यातली एक जागा चाचांना द्या. घरी जाऊन, आईला बरोबर घेऊन सांगा की मी चौकशी केली, मुलगा असा असा आहे, मेहर इतका ठरलाय, पहिल्या सहीची तारीख ही, आणि निकाहला साक्षीदार तुम्ही व्हावं अशी आमची इच्छा आहे. हिश्श्याचा विषय त्यांनी काढला तर तेवढंच सांगा की तो होकाराशी जोडायचा नाही असं ठरलंय, आणि तारखेवर या.